मामांच्या केमोबरोबर अळंबीची पावडर द्यावी का? पॉलिसॅकराइड आणि कॅन्सर

अनुराधा_नाशिक

नमस्कार मंडळी. माझ्या मामांना जठराचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, अर्ध्याहून अधिक जठर काढलं, लिम्फच्या गाठींमध्ये थोडा प्रसार सापडला, म्हणून आता केमो आहे. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या आणि तीन आठवड्यांतून एकदा ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाईन. पहिली सायकल पुढच्या आठवड्यात.

इकडे मामेभावाच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी घरी येऊन दोन डबे दिलेत. 'टर्की टेल, रेशी आणि गुळवेल' (पहिल्या दोन अळंब्या), वर ठळक अक्षरात '४० टक्के पॉलिसॅकराइड'. किंमत महिन्याला साडेसहा हजार. त्यांचं म्हणणं असं की जपानमध्ये सरकारने हेच औषध कॅन्सरसाठी मंजूर केलंय, तिकडे केमोबरोबर सर्रास देतात, आपल्याकडचे डॉक्टर मुद्दाम सांगत नाहीत. मामींचा विश्वास बसलाय. मामा काही बोलत नाहीत, जे द्याल ते घेतात.

मी कॉमर्सची. मला दोनच गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. जपानची गोष्ट खरी आहे का? आणि खरी असेल तर हा डबा सुरू करायला हरकत काय? इथे संशोधनातली, वैद्यकातली मंडळी आहेत म्हणून विचारतेय. 'देवावर भरवसा ठेवा' किंवा 'हे सगळं थोतांड' एवढंच लिहू नका, प्लीज. घरात मला कारणासकट बोलायचंय.

प्रयोगवही

अनुराधाताई, मामांना लवकर बरं वाटो. मी पुण्यात बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत काम करते, डॉक्टर नाही. पण हा विषय माझ्या कामाच्या जवळचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जपानची गोष्ट खरी आहे. पण त्या गृहस्थांनी तिचा एक तुकडा तेवढा सांगितलाय.

टोकियोच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्रात गोरो चिहारा आणि त्यांचे सहकारी १९६० च्या दशकात खाण्याच्या अळंब्यांचे अर्क उंदरांवर तपासत होते. १९६९ मध्ये त्यांनी 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं की शिताके अळंबीतून काढलेल्या एका पॉलिसॅकराइडमुळे (पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या कड्यांची लांब साखळी) उंदरांमधली सार्कोमा-१८० ही गाठ वाढायची थांबते, बऱ्याच उंदरांत पार नाहीशी होते. त्या पदार्थाचं नाव लेंटिनान. रासायनिकदृष्ट्या तो नुसता ग्लुकोज आहे, म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी. तांदळातला स्टार्चसुद्धा ग्लुकोजचीच साखळी. फरक जोडणीत. स्टार्चमध्ये कड्या अल्फा पद्धतीने जुळतात आणि आपण त्या पचवतो. लेंटिनानमध्ये बीटा-१,३ पद्धतीने जुळतात, मध्येमध्ये बीटा-१,६ च्या फांद्या फुटतात, आणि अशा तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळल्या जातात. ही जोडणी तोडणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या शरीरात नाही. अशा साखळ्यांना बीटा-ग्लुकन म्हणतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं सांगते. लेंटिनान कॅन्सरच्या पेशीला थेट मारत नाही. ताटलीत कॅन्सरच्या पेशी वाढवून त्यावर ते ओतलं तर त्यांना विशेष काही होत नाही. चिहारांच्याच गटाने दाखवलं की जन्मतःच थायमस ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांना लेंटिनान दिलं तर गाठीवर परिणाम होत नाही. थायमस नाही म्हणजे टी-पेशी धड तयार होत नाहीत. थोडक्यात, जे काही घडतं ते उंदराच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेमार्फत घडतं. हे कसं होत असावं याचा मोठा धागा २००१ मध्ये सापडला. आपल्या पांढऱ्या पेशींवर डेक्टिन-१ नावाचा ग्राहक (रिसेप्टर) असतो, तो बीटा-ग्लुकन ओळखतो. बुरशीच्या भिंतीत बीटा-ग्लुकन असतं, आपल्या पेशींत नसतं. त्यामुळे ते दिसलं की शरीर बुरशीचा हल्ला झाल्यासारखं सावध होतं.

यातून दोन गोष्टी निघतात. ज्याची प्रतिकारयंत्रणा शिल्लक आहे त्यालाच याचा उपयोग होण्याची शक्यता. आणि मात्रा दुप्पट केली की गुण दुप्पट, हे गणित इथे चालत नाही. उंदरांमध्ये ठराविक मात्रेपलीकडे गेल्यावर लेंटिनानचा परिणाम उलट कमी झाला होता.

सार्कोमा-१८० बद्दलही सांगायला हवं. ही गाठ त्या उंदराची स्वतःची नसते, दुसऱ्या उंदरापासून आणून लावलेली असते. त्यामुळे शरीर तिला परकं समजून झटकायच्या बेतात असतंच. अशा गाठीवर प्रतिकारशक्ती चाळवणारा कुठलाही पदार्थ नजरेत भरतो. माणसाची गाठ ही त्याच्याच पेशींची असते. म्हणून उंदरांचे आकडे पाहून कोणी 'नव्वद टक्के गुण' म्हणालं तर तिथेच थांबावं.

लेंटिनानला जपानमध्ये १९८५ मध्ये मंजुरी मिळाली. कशासाठी, तर ऑपरेशन न होऊ शकणाऱ्या किंवा परत उलटलेल्या जठराच्या कॅन्सरसाठी, टेगाफर या केमोच्या औषधाबरोबर. आणि द्यायचं कसं? शिरेतून, आठवड्याला साधारण २ मिलिग्रॅम. तोंडाने नाही. शिताके वाळवून केलेली पावडर आणि शुद्ध करून शिरेत सोडलेलं लेंटिनान यांच्यात केवढं अंतर आहे ते यावरून लक्षात येईल.

टर्की टेलचं औषध वेगळं, त्यावर कोणी जपानकर लिहील तर बरं. नाहीतर रात्री मीच लिहिते.

नागोयाकर

प्रयोगवही, जपानकर हजर. नोकरीनिमित्त बरीच वर्षं नागोयात आहे. औषधनिर्माणाच्या क्षेत्रात असल्याने ही कहाणी जवळून वाचलेली आहे.

टर्की टेल म्हणजे मेलेल्या लाकडावर थरांनी वाढणारी, तपकिरी-करड्या वर्तुळांची अळंबी. इथे तिला कावाराताके म्हणतात. इथल्या डोंगरवाटांवर पडलेल्या ओंडक्यांवर सहज दिसते. हाताला चामड्यासारखी लागते, चावून खाण्याजोगी नाही. तिच्या तंतूंपासून कुरेहा या रासायनिक कंपनीने पीएसके नावाचा पदार्थ काढला. पॉलिसॅकराइडला प्रथिन जोडलेलं असतं. १९७७ मध्ये तो 'क्रेस्टिन' नावाने औषध म्हणून मंजूर झाला. तोंडाने घ्यायची पूड, दिवसाला ३ ग्रॅम. १९८० च्या दशकात जपानमध्ये सगळ्यात जास्त खपणाऱ्या कॅन्सरच्या औषधांत त्याचा नंबर होता. त्रास कमी, तोंडाने घेता येतं, म्हणून डॉक्टर सढळ हाताने लिहून देत.

मग सरकारने फेरतपासणी केली. १९८९ मध्ये क्रेस्टिनचा वापर केमोच्या जोडीनेच करायचा, एकट्याने नाही, असं बंधन आलं. तुमच्या गृहस्थांनी हा भाग सांगितला नसावा.

पण 'म्हणजे खोटंच होतं' असंही नाही. १९९४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नागोयाचेच शल्यविशारद नाकाझातो आणि सहकाऱ्यांची चाचणी आली. जठराचा कॅन्सर ऑपरेशनने पूर्ण काढलेले २६२ रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला त्या काळची नेहमीची केमो, म्हणजे मायटोमायसिन आणि फ्लुओरोयुरॅसिल. दुसऱ्याला तीच केमो अधिक पीएसके. पाच वर्षांनी पहिल्या गटातले ६० टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ७३ टक्के. पुढे २००७ मध्ये आठ चाचण्या आणि ८,००९ रुग्ण एकत्र करून हिशोब मांडला गेला. त्यात मृत्यूचा धोका साधारण १२ टक्क्यांनी कमी निघाला. फरक लहान, पण होता.

आणि आजची स्थिती? क्रेस्टिन आणि लेंटिनान, दोन्ही औषधं गेल्या दशकाच्या अखेरीस जपानी बाजारातून गेली. 'तिकडे सर्रास देतात' हे आजच्या घडीला खरं नाही. माझ्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांना नव्वदच्या दशकात ऑपरेशननंतर क्रेस्टिनच्या पुड्या मिळाल्या होत्या. तो सांगतो, कडवट तपकिरी पूड होती, ते पाण्यात कालवून घेत. त्याच आजारासाठी अलीकडे त्याच्या काकांना दवाखान्यात दुसरीच केमो मिळाली, पुड्यांचं नाव कोणी काढलं नाही.

सुहास_क

सगळं वाचलं. माझा अनुभव वेगळा आहे, तो लिहिलाच पाहिजे असं वाटतं. माझ्या पत्नीला स्तनाचा कॅन्सर होता. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं केलं, आणि सोबत रेशीच्या कॅप्सूल दिल्या. आज ती ठणठणीत आहे. केमोतही तिचं खाणं-पिणं चांगलं राहिलं. आपल्या माणसासाठी काहीतरी करतोय ही भावना त्या काळात किती आधार देते ते त्यातून गेलेल्यालाच कळतं. सगळ्या गोष्टी चाचणीत मापायच्या का? अनुराधाताई, मामींचं मन मोडू नका.

प्रयोगवही

सुहासदादा, वहिनी बऱ्या आहेत हे वाचून मनापासून आनंद झाला. तुम्ही म्हणता तो आधार खरा आहे, त्याला मी कमी लेखणार नाही. पण वहिनींना ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन या तिन्ही गोष्टी मिळाल्या. त्यातल्या कोणाचा वाटा किती, हे एका माणसाकडे पाहून सांगता येत नाही. तुम्हाला नाही, मलाही नाही, डॉक्टरांनाही नाही. चाचणी त्यासाठीच करतात.

रेशीवरच्या चाचण्या कोक्रेन या, वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञांनी २०१६ पर्यंत गोळा केल्या होत्या. नीट म्हणाव्यात अशा पाच सापडल्या, मिळून ३७३ रुग्ण. त्यांचा निष्कर्ष असा की मुख्य उपचार म्हणून रेशी वापरावं असा पुरावा नाही. केमो-रेडिएशनच्या जोडीने दिल्यास गाठ कमी होण्याला आणि प्रतिकारशक्तीला हातभार लागू शकतो, पण चाचण्यांचा दर्जा कच्चा आहे आणि आयुष्य वाढतं का ते कळत नाही. तुमचा अनुभव याच्या विरोधात जात नाही, एवढंच म्हणेन.

नागोयाकरांनी दिलेल्या आकड्यांत भर घालते. ६० विरुद्ध ७३ हा फरक मोठा वाटतो, पण रुग्ण अडीचशेच्या आसपास होते. संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो जेमतेम उत्तीर्ण झाला. कोणाला काय मिळतंय हे डॉक्टर-रुग्ण दोघांनाही माहीत होतं, कारण खोटी पुडी दिली नव्हती. आणि त्याबरोबरची केमो आजच्या मानाने दुबळी होती. २००७ मध्ये जपाननेच एस-वन या केमोच्या गोळीच्या मोठ्या चाचणीचे निकाल जाहीर केले आणि ऑपरेशननंतरच्या उपचाराची पद्धत बदलली. जुन्या केमोवर पीएसकेने जो थोडा फायदा दिला तो आजच्या केमोवर मिळेल, असं गृहीत धरता येत नाही. मामांना मिळणारी कॅपेसिटाबिन-ऑक्सॅलिप्लॅटिन ही तर आणखी वेगळी जोडी.

आणि नव्या केमोबरोबर लेंटिनान तपासलं गेलं तेव्हा काय झालं बघा. जपानमध्येच, ऑपरेशन न होणाऱ्या किंवा उलटलेल्या जठराच्या कॅन्सरचे ३०९ रुग्ण. निम्म्यांना नुसतं एस-वन, निम्म्यांना एस-वन आणि लेंटिनान. नुसत्या एस-वनवर मध्यम आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण जेवढा काळ जगले तो) १३.८ महिने, लेंटिनान जोडलेल्या गटात ९.९ महिने. हा फरक योगायोगाचा असू शकतो, म्हणून लेंटिनानने नुकसान केलं असं कोणी म्हणत नाही. पण फायदा दिसला नाही. याआधी लहान-लहान चाचण्या एकत्र करून लेंटिनानचा फायदा दाखवला गेला होता, तो मोठ्या नीट चाचणीत टिकला नाही.

हे अळंबीच्याच बाबतीत घडतं असं नव्हे. हेपॅरिन घ्या. तेही नैसर्गिक पॉलिसॅकराइड, डुकराच्या आतड्यातून काढतात, रक्त गोठू नये म्हणून जगभर रोज वापरतात. उंदरांमध्ये ते कॅन्सरचा प्रसार रोखतं असं दिसलं होतं. ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या २,२०२ रुग्णांवर तपासलं. त्याचंच एक रूप, डाल्टेपॅरिन, नेहमीच्या उपचारांबरोबर दिलं. रक्ताच्या गुठळ्या कमी झाल्या, आयुष्य वाढलं नाही. म्हणजे पदार्थ उत्तम, औषध उत्तम, पण कॅन्सरवर चालेल ही आशा खोटी ठरली. हे कळायला दोन हजारांवर माणसं लागली. साडेसहा हजारांच्या डब्यामागे तेवढी कोण तपासतो?

वैद्य_मृणाल

मी आयुर्वेदाची पदवीधर, सांगलीत प्रॅक्टिस. डब्यात गुळवेल आहे म्हणून लिहिणं भाग आहे.

गुळवेलीच्या पॉलिसॅकराइडवर आपल्याकडेच चांगलं काम झालंय. मुंबईच्या भाभा अणु संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये गुळवेलीच्या खोडातून अरॅबिनोगॅलॅक्टन जातीचं एक पॉलिसॅकराइड वेगळं केलं. जी१-४ए असं त्याचं नाव. त्याने रोगप्रतिकारक पेशी चाळवतात हे त्यांनी दाखवलं. काम अभिमान वाटावा असंच आहे. पण ते ताटलीतल्या पेशींवर आणि उंदरांवर, शुद्ध केलेल्या पदार्थाचं. कॅन्सरच्या रुग्णाला गुळवेलीचं चूर्ण द्या, असा अर्थ त्यातून मी काढणार नाही, आणि काढू नये अशी माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती आहे.

दुसरी बाजू. कोविडच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही असं म्हटलं. पुढच्या वर्षी देशभरातल्या अनेक केंद्रांतल्या ४३ रुग्णांची नोंद आली. त्यातल्या बऱ्याच जणांना आधीपासून लपलेला ऑटोइम्यून आजार (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते तो) होता, तो उफाळून वर आला. आमच्या क्षेत्रात यावर वाद आहे, आणि गुळवेलीऐवजी तिच्याच जातीतली दुसरी वेल बाजारात विकली जाते हा धोका मी स्वतः पाहिलाय. रुग्णाने आणलेला कांड्यांचा जुडगा सोलून बघते तेव्हा कधी साल मऊ आणि गुळगुळीत, कधी गाठीच गाठी. गाठीची असेल ती परत पाठवते. पावडर झाल्यावर काय ओळखणार?

ज्या गुणाचं आपण कौतुक करतो, प्रतिकारशक्ती चाळवणं, तोच गुण चुकीच्या शरीरात इजा करू शकतो. केमोच्या काळात यकृतावर आधीच भार असतो. मामांना आत्ता गुळवेल नको. माझ्याकडे केमो चालू असलेले रुग्ण येतात त्यांना मी आधी त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगते, आणि बहुतेक वेळा आहार, झोप, मलावष्टंभ एवढ्यापुरतंच बघते.

मीनल_सिस्टर

डे-केअर केमो वॉर्डात काम करते. शास्त्र वरच्यांनी सांगितलंय, मी रोजचं सांगते.

कॅपेसिटाबिनवर जुलाब होतात. तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात. जुलाब एका मर्यादेपलीकडे गेले तर गोळ्या थांबवाव्या लागतात, नाहीतर जिवावर बेतू शकतं. आता समजा पेशंटने सोबत अळंबीची पावडर घेतली आणि जुलाब लागले. डॉक्टर विचारतात, 'आणखी काही घेताय?' घरचे म्हणतात, 'नाही.' मग डॉक्टर केमोचा डोस कमी करतात किंवा सायकल पुढे ढकलतात. म्हणजे पावडरीमुळे झालं असेल तरी कात्री लागली ती खऱ्या औषधाला. लिव्हरच्या रिपोर्टचंही तसंच. एसजीपीटी वाढलं तर कशामुळे, हे शोधत बसावं लागतं.

एका दवाखान्यात मी असंच पाहिलंय. आजोबांचे रिपोर्ट बिघडले, दोन सायकली लांबल्या. नंतर सुनेने पिशवीतून बाटली काढून दाखवली. डॉक्टर रागावतील म्हणून लपवली होती. ताई, लपवू नका एवढंच सांगते. डबा घेऊन या, पुढची-मागची दोन्ही बाजू फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. आम्ही नर्सेस डॉक्टरांपर्यंत पोचवतो. विचारल्याबद्दल कोणी ओरडलं तर आमच्याकडे या.

आणि मामांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा प्लेटलेट कमी असतील तर रेशीबाबत जास्त काळजी. ते रक्त गोठण्यात अडथळा आणू शकतं असं आम्हाला शिकवतात.

कांचन_ठाणे

'४० टक्के पॉलिसॅकराइड' यावर कोणी लिहिलं नाही म्हणून विचारते. ही मापनाची पद्धत काय? जास्त टक्के म्हणजे जास्त चांगलं का?

प्रयोगवही

कांचनताई, हा प्रश्न फार नेमका आहे. मला तो सुरुवातीलाच घ्यायला हवा होता.

पॉलिसॅकराइड ही एवढी मोठी जात आहे की आकडा काहीच सांगत नाही. स्टार्च पॉलिसॅकराइड. कापूस पॉलिसॅकराइड. बाजारातल्या स्वस्त पावडरींमध्ये बहुतेक वेळा अळंबीचं फळ नसतं, तांदूळ किंवा ज्वारीसारख्या धान्यावर वाढवलेले तिचे तंतू असतात, आणि ते धान्यासकट वाळवून दळतात. त्यात पॉलिसॅकराइड भरपूर निघतं, पण त्यातलं पुष्कळसं धान्याचं स्टार्च. बीटा-ग्लुकन किती, हा आकडा वेगळा छापलेला हवा. तो बहुधा नसतो.

घरी ढोबळ परीक्षा करता येते. अर्धा चमचा पावडर अर्धा कप पाण्यात पाच मिनिटं उकळायची, पूर्ण गार होऊ द्यायची, वरचं पाणी बशीत घेऊन त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकायचे. निळा-काळा रंग आला तर स्टार्च आहे. बीटा-ग्लुकन आयोडीनने निळं होत नाही. शाळेत बटाट्यावर केलेला प्रयोगच हा. शेजारी भाताच्या पेजेचे दोन थेंब ठेवा, तुलना होईल. यातून औषध खरं की खोटं ठरत नाही, फक्त डब्यात धान्य किती मिसळलंय याचा अंदाज येतो. आणि प्रयोग झाला की ती बशी साबणाने धुवा, ते पाणी कोणी पिऊ नये.

बीटा-ग्लुकन भरपूर निघालं तरी ते पीएसके होत नाही, हेही लक्षात असू द्या. पीएसके विशिष्ट वाणाच्या तंतूंपासून, ठराविक पद्धतीने काढलं जायचं, प्रत्येक घाणा तपासला जायचा. चाचण्या त्या पदार्थाच्या झाल्या. अमेरिकेत टर्की टेलच्या साध्या पावडरीवर स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये २०१२ मध्ये एक प्राथमिक चाचणी प्रसिद्ध झाली, दिवसाला ९ ग्रॅमपर्यंत मात्रा दिली. त्यात रुग्णांना ते सोसलं आणि रोगप्रतिकारक पेशींच्या मोजणीत काही बदल दिसले. तपासायचं होतं तेही तेवढंच, सोसतं की नाही. रुग्ण जेमतेम दहाच्या आसपास होते.

सुहास_क

आयोडीनचा प्रयोग करून पाहिला. घरात जुनी रेशीची बाटली होती, दोन कॅप्सूल फोडून टाकल्या. पेजेइतका नाही, पण निळा रंग आला. तळाशी तर गडद. पत्नीला दाखवलं. ती म्हणाली, केमोच्या दिवसांत तुम्ही रोज सकाळी आठवणीने कॅप्सूल आणि पाण्याचा ग्लास घेऊन यायचा, मला त्याचं बरं वाटायचं. अनुराधाताई, मामींना काही देऊ करायचं असेल तर दुसरं काहीतरी हातात द्या. नुसतं 'हे बंद करा' म्हणून त्यांना रिकामं ठेवू नका. सिस्टर, तुम्ही सांगू शकाल का मामींनी काय करावं?

मीनल_सिस्टर

सुहासदादा, नक्की. काम भरपूर आहे. जठर कमी झालंय, त्यामुळे एकावेळी दोन घासांच्या वर जाणार नाही. दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं खायला घालणं हेच मोठं काम. प्रत्येक वेळी प्रथिन हवं: अंडं, पनीर, मऊ मुगाची खिचडी, मासे चालत असतील तर मासे. पाणी जेवताना नाही, अर्धा तास आधी किंवा नंतर. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. वजन आठवड्याला एकदा, वहीत. ताप १०० च्या वर गेला की रात्र असली तरी फोन. जुलाब किती वेळा तेही वहीत. ऑक्सॅलिप्लॅटिननंतर काही दिवस थंडगार पाणी, फ्रीजमधलं काही नको, बोटांना आणि घशाला झिणझिण्या येतात. आणि बी-१२ चं इंजेक्शन लागेल का ते डॉक्टरांना विचारा, जठर काढल्यावर ते कमी पडतं. ही वही मामींनी सांभाळली तर आम्हाला त्यांच्याकडूनच सगळं कळेल. डॉक्टरांना अशा वहीचा फार उपयोग होतो.

अनुराधा_नाशिक

सगळ्यांचे खूप आभार. काल मामी आणि मी मिळून ऑन्कोलॉजिस्टना भेटलो. डबा सोबत नेला. मी घाबरले होते, पण डॉक्टर शांतपणे बोलले. त्यांना क्रेस्टिन माहीत होतं. म्हणाले, मिळत असतं तरी आजच्या केमोबरोबर ते जोडायला माझ्याकडे कारण नाही, आणि हा डबा क्रेस्टिन नाही. गुळवेल तर अजिबात नको म्हणाले. मामींनी थेट विचारलं, 'तुम्ही मुद्दाम सांगत नाही असं लोक म्हणतात.' डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि मामांचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट उघडून प्रत्येक ओळ मामींना समजावली. किती गाठी काढल्या, किती गाठींत प्रसार होता, केमोने नेमका काय फायदा अपेक्षित आहे. हे आधी कोणी एवढं सांगितलं नव्हतं. मला वाटतं मामींना हेच हवं होतं.

डबे परत केले. गृहस्थ नाराज झाले, पैसे अर्धेच परत मिळाले. असो. मामींनी जाताना वही विकत घेतली.

एक शेवटचा प्रश्न राहिला. मामांना अळंबीची भाजी आवडते, मामी घरी बटण मशरूम आणतात. ती तरी चालेल का?

प्रयोगवही

भाजी म्हणून खुशाल चालेल, सिस्टरांनी सांगितलेल्या बेताने. पूर्ण शिजवून, मऊ करून, थोडी. कच्ची किंवा अर्धी शिजलेली नको. केमोत पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चं काहीच नको हे एक कारण. शिताके आणाल तर दुसरंही आहे: ती कच्ची खाल्ल्यावर काही जणांच्या पाठीवर-पोटावर चाबकाचे वळ उठावेत तसे लाल पट्टे येतात. १९७७ मध्ये जपानमध्येच त्याची पहिली नोंद झाली, आणि कारण लेंटिनानच असावं असं मानतात. नीट शिजवली की सहसा होत नाही.

मीनल_सिस्टर

बटण मशरूम बारीक चिरून, वाफवून, खिचडीत. देठ कडक असतात ते काढा. पहिल्या सायकलचे चार-पाच दिवस जाऊ द्या, पोट कसं आहे बघून मग द्या. पहिल्या दिवशी दोन चमचे पुरेत.